पोरांच्या रविवारच्या वर्गाला १५ हजार अनुदान मिळू शकतंय, घ्यावं का?

वडगावची_ताई:
नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या गल्लीत देवळामागच्या हॉलमध्ये गेली ६ वर्षं दर रविवारी सकाळी पोरांचा वर्ग चालतो. संस्कार वर्ग म्हणत नाही आम्ही, तसं म्हटलं की पोरं पळतात. गाणी, लेझीम, हादग्याच्या दिवसात हादगा, मे महिन्यात तासाभराचं एक नाटक, दिवाळीला किल्ला. एरवी ३५ पोरं असतात, परीक्षा जवळ आली की १२. चालवणाऱ्या आम्ही चौघी आणि एक रिटायर मास्तर.

गेल्या वर्षी खर्च झाला २८ हजार ४००. निम्मा नाटकालाच गेला, माईक, कपडे, शामियाना. बाकी खाऊ, झेरॉक्स, ढोलकी मढवून घेतली ते. सगळं वर्गणीतून. पण आता पावती पुस्तक घेऊन दारात गेलं की लोक म्हणतात गणपतीला दिली, शिवजयंतीला दिली, देवळाच्या कळसाला दिली, आता परत काय. त्यांचंही खरं आहे, आमच्याकडं निम्मे माग बंद आहेत, माणसं देणार कुठून.

आता कळलंय की एका स्थानिक कार्यालयाकडून पोरांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी लहान गटांना १५ हजारापर्यंत मिळतात. अटी ऐकून डोकं फिरलं. संस्था नोंदणी झालेली पाहिजे, खातं संस्थेच्या नावावर, ३ वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, अर्ज कन्नडमध्ये, आणि पैसे कार्यक्रम झाल्यावर, बिलं दिल्यावर. आमच्यातल्या दोघी म्हणतात घेऊया. मास्तर म्हणतात नको गं बाई, सरकारी पैसा म्हणजे लग्नातला रुसका पाहुणा, त्यालाच सांभाळत बसायचं. कुणी घेतलंय का असलं अनुदान? शेवटी पदरात काय पडतं?

हलगीवाला:
घ्या की ताई. काय विचारूलालाय त्यात. १५ हजार काय झाडाला लागल्यात काय.

पंच_नं_६:
हलगीवाले, तुमचं काय, तुम्ही वाजवून मोकळे. आम्ही भोगलंय म्हणून सांगतो. ४-५ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीनं असंच कुठूनतरी अनुदान घेतलं होतं, रक्कम याहून कमी. अट अशी की कार्यक्रमाला पाहुणे बोलवायचे आणि त्यांच्या हस्ते उद्घाटन. पोरांना ४ वाजता रंगवून, मिशा चिकटवून बसवलेलं. पाहुणे आले पावणेसातला. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यानं वात राहीना, तीनदा काडी ओढली. मग शाल, मग श्रीफळ, मग हार, हार कमी पडला म्हणून एकाचा काढून दुसऱ्याला. भाषणं ५० मिनिटं. नाटकाला उरली ९ मिनिटं कारण माईकवाल्याला दुसरीकडं जायचं होतं. तानाजी झालेलं पोरगं शेवटी आईच्या मांडीवर झोपलं, मिशीसकट. शेलारमामानं एकट्यानंच कोंडाणा घेतला त्या दिवशी.

आणि पैसे आले पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात. मास्तर बरोबर बोलतायत.

कुंदा_करदंट:
शेलारमामानं एकट्यानं घेतला 😂😂 मेलो.

ताई, तुम्हाला ती जुनी गोष्ट माहीत असेल, रात्री भूत येऊन दार वाजवतं म्हणून लोकांनी दारावर 'नाळे बा' लिहून ठेवलं, म्हणजे उद्या ये. भूत रोज वाचून परत जायचं. माझं म्हणणं एवढंच की भुतांनी ती युक्ती शिकून घेतली आणि आता ती टेबलामागं बसतात.

जमाखर्च:
मी एका पतसंस्थेत ३१ वर्षं काढली, त्यामुळं जरा कंटाळवाणं लिहिणार, सोसून घ्या.

पहिली गोष्ट, नोंदणी. आपल्याकडं कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० चा. किमान ७ सभासद लागतात. उद्देश, नियमावली, पदाधिकारी, पत्त्याचा पुरावा हे सगळं तयार करायचं. इथपर्यंत काही अवघड नाही, महिनाभराचं काम. अवघड पुढं असतं. दरवर्षी सर्वसाधारण सभा, दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब निबंधकाकडं भरायचे. पहिल्या वर्षी सगळे उत्साहानं करतात, दुसऱ्या वर्षी सेक्रेटरीच्या मुलीचं लग्न निघतं, तिसऱ्या वर्षी फाईल कुणाच्या घरी आहे तेच सापडत नाही. मी असल्या बंद पडलेल्या फायली डझनानं बघितल्यात. ३ वर्षांचे ऑडिट मागतात ते यासाठीच, यांचं कपाट तरी जागेवर आहे का बघायला.

दुसरी गोष्ट, आकडा मांडा. १५ हजार 'पर्यंत' आहे, १५ हजार नाही. हातात १० पडतात धरा. त्यातून सीएची फी, पॅन, शिक्के, झेरॉक्स, हेलपाट्यांचं पेट्रोल, आणि बुडालेला दिवस. तुमच्या चौघींपैकी कुणी शिवणकाम करत असेल तर एका हेलपाट्याला एक ब्लाऊज गेला. असे ८ ब्लाऊज धरा. राहिलं किती ते तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पैसे नंतर मिळणार असतील तर आधी खर्च कोण करणार? म्हणजे वर्गणी टळत नाहीच. टळते ती पुढच्या वर्षीची, आणि तीही कागद बिनचूक असले तर.

मग घेऊच नका असं म्हणत नाही. पण स्वतः नोंदणी करायच्या आधी बघा, तुमच्या भागात आधीच नोंदणी झालेलं एखादं युवक मंडळ, महिला मंडळ, वाचनालय आहे का. नाहीतर मराठी शाळेची एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा समिती. त्यांच्या नावानं अर्ज, काम तुमचं. एक पानी ठराव करून घ्यायचा की रक्कम कशावर खर्च होणार आणि वस्तू कुणाच्या ताब्यात राहणार. वस्तूंचं लिहायला विसरू नका. भांडणं पैशावरून कमी आणि स्पीकरच्या पेटीवरून जास्त होतात.

वडगावची_ताई:
काका, ब्लाऊजचा हिशेब कसा ओळखलात 😄 आमच्यात दोघी शिवतात. एसडीएमसीचं डोक्यातच आलं नव्हतं. शाळा हॉलपासून चार पावलांवर आहे आणि आमची निम्मी पोरं तिथलीच.

निपाणीकर:
मूळ मुद्द्यालाच हात घालतो. अर्ज कन्नडमध्ये का? भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क घटनेत आहेत, १९५६ च्या दुरुस्तीत ३५० अ आलं, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यानं करावी म्हणून. आणि इथं मराठी पोरांच्या हादग्याला पैसे मागायचे तर अर्ज मराठीत चालत नाही. उद्या बॅनरपण कन्नडमध्ये लावा म्हणतील. त्यापेक्षा महाराष्ट्राकडं मागा.

हलगीवाला:
आलं आलं, गाडी लायनीवर आली.

पंच_नं_६:
निपाणीकर, महाराष्ट्राकडं मागा म्हणणं सोपं आहे. २०२३ मध्ये त्यांनी सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना जाहीर केली तर इकडून केवढा गदारोळ झाला आठवतंय ना. दवाखान्याच्या पैशाला जर असं, तर लेझमीला काय होईल. पोरांचा वर्ग आहे हो, त्यांना त्यात नका ओढू. आणि आपल्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्याची साहित्य संमेलनं बघा, गावानं उभी केली, घराघरातून तांदूळ-पैसा गोळा करून. मंडपात पाहुण्यांना जेवायला वाढायला पोरंच असतात. हेच आपलं खरं अनुदान.

निपाणीकर:
मी ओढत नाहीये, ओढलेलेच आहेत. पण ठीक आहे, धाग्याचा विषय तो नाही.

दोन्ही_घरची:
माझी आई कन्नड, वडील मराठी, म्हणून नाव असं. निपाणीकरांचा राग मला समजतो, अर्ज दोन्ही भाषांत घ्यायला काहीच हरकत नसावी. पण ताई, व्यवहाराचं सांगते, त्या अर्जाला घाबरू नका. मी असे ४-५ भरून दिलेत शेजारपाजारच्यांना. कन्नडमध्ये अनुदान म्हणजे अनुदानच. ठरावाला ठरावच. अर्ज म्हणजे अर्जी, हिशेब म्हणजे जमाखर्च, ऑफिस म्हणजे कचेरी, पावतीला रशीद. लिपी सोडली तर निम्मा अर्ज तुम्हाला आधीच येतो. मुलांना मक्कळ म्हणायचं, झालं. स्कॅन पाठवा, मी भरून देते, बदल्यात हादग्याची खिरापत ओळखायला बोलवा.

आणि एक विचारू का? तुमच्या वर्गात कन्नड बोलणारी पोरं किती?

वडगावची_ताई:
६ आहेत. सगळ्यात जोरात 'ऐलमा पैलमा' तीच म्हणतात. त्यातल्या एकीच्या आजीनं मागच्या वर्षी पोरींना कोलाट शिकवला, टिपऱ्या घेऊन. आमच्या लेझमीच्या पोरांना तो ठेका लगेच जमला.

दोन्ही_घरची:
मग हे अर्जात लिहा की! खोटं काही लिहायचं नाही, जे चालतंय तेच लिहायचं. आपल्या जिल्ह्यात हे पहिल्यापासून असंच आहे. मराठी संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते गुर्लहोसूरला, आणि गोकाककडं अजून कृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य रात्रभर चालतं. माझे आजोबा दोन्ही बघायचे, चहा मात्र एकाच हॉटेलात.

कुंदा_करदंट:
बॅनरवरून आठवलं, पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे तो नियम कार्यक्रमाच्या बॅनरलापण लागतो काय? म्हणजे पट्टी घेऊन मोजायचं?

जमाखर्च:
२०२४ ची ती दुरुस्ती दुकानं आणि आस्थापनांच्या पाट्यांसाठीची. अनुदान देणाऱ्या कार्यालयाची स्वतःची अट असेल तर ती मंजुरीच्या पत्रात लिहिलेली असते. ते पत्र आधी नीट वाचा आणि मगच बॅनर छापायला टाका. आमच्या ओळखीच्यांनी उलटं केलं, १,२०० रुपयांचा फ्लेक्स दोनदा छापला.

दूरदेशी:
मी मूळचा शहापूरचा, सध्या इंग्लंडमध्ये. आमच्या गावात ११ मराठी कुटुंबं, शनिवारी पोरांचा वर्ग भरवतो. इथं बऱ्याच ठिकाणी काऊन्सिल लहान गटांना छोटी अनुदानं देते, काही ठिकाणी नगरसेवकाच्या वॉर्ड फंडातूनही मिळतं. आम्ही ५०० पौंड घेतले होते.

कागद इथंही लागतातच. गटाची लेखी घटना पाहिजे, दोन-तीन पानी चालते. बँक खात्यावर एकमेकांचे नातलग नसलेले दोन सह्या करणारे पाहिजेत, म्हणजे नवरा-बायको चालत नाही (११ कुटुंबांत ही अट पाळायला आम्हाला महिना लागला). सार्वजनिक जबाबदारीचा विमा पाहिजे. आणि पोरांबरोबर काम करणाऱ्यांची डीबीएस म्हणजे पोलीस रेकॉर्डची तपासणी, शिवाय बालसुरक्षेचं लेखी धोरण. पहिल्यांदा मला याचा राग आला होता, आमचीच पोरं, आम्हालाच कसला दाखला मागता. पण आता वाटतं बरं झालं. पोरांना एकटं कुणाबरोबर सोडायचं नाही, उशिरा घ्यायला आलेल्यांचं काय करायचं, फोटो टाकायचे तर आईबापांना विचारायचं, हे सगळं त्या निमित्तानं एकदा बसून ठरलं.

फरक एकच, आम्हाला पैसे आधी मिळाले, नंतर एक पानी अहवाल आणि पावत्या.

हलगीवाला:
५०० पौंड म्हणजे किती कुंदा येतो?

कुंदा_करदंट:
शुगर होईल एवढा.

जमाखर्च:
दूरदेशी, तुमचा बालसुरक्षेचा मुद्दा ताईंनी अनुदान मिळो ना मिळो उचलावा. आपल्याकडं हे कुणी विचारत नाही आणि विचारायला पाहिजे. साधी वही ठेवा, आलेल्या पोराचं नाव, न्यायला कोण येणार त्याचं नाव, फोन.

पैसे आधी मिळाल्याचा फरक मात्र लहान नाही. ज्याच्याकडं आधी घालायला पैसे आहेत तोच नंतर मिळणारं अनुदान घेऊ शकतो. म्हणजे ज्याला गरज कमी, त्याला मिळायची शक्यता जास्त. हे मी बोललो की आमच्या घरी सगळे झोपायला जातात.

सुळेभावी_रोड:
बराच वेळ वाचतोय. मला सगळा धागाच पटत नाही. सुळेभावीला १९२४ साली शिवपुत्र कोमकळी जन्मला, पुढं लहानपणीच कुमार गंधर्व झाला. त्याला कुठल्या वॉर्डाचा निधी मिळाला होता? कला असली की येते वर. अनुदानाची सवय लागली की अनुदान थांबल्यावर वर्ग थांबतो.

वडगावची_ताई:
सुळेभावीकर, एक तसा निघाला म्हणून लक्षात राहिला. आमच्या ३५ पैकी १२ सुरात गातात, २० बेसूर आणि ३ जण फक्त खाऊला येतात. वर्ग त्या २३ जणांसाठी पण आहे ना. मागच्या वर्षी एक पोरगा, शाळेत तोंड उघडत नाही म्हणून बाई तक्रार करायच्या, त्याला आम्ही झाड केलं नाटकात. संवाद नव्हताच. ऐन वेळी मुख्य पोरगी वाक्य विसरली तर मागून झाडानं सांगितलं तिला, खणखणीत. सगळी गल्ली हसली आणि त्याची आई रडायला लागली. त्याला तबला नको, अनुदान नको, पण त्या दिवशी माईक होता म्हणून ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माईकचं भाडं १,८००.

सवय लागण्याचं म्हणणं मात्र पटतं.

सुळेभावी_रोड:
झाडाचं ऐकून गप्प बसतो.

खानापूर_कट्टा:
उशीर झाला यायला, नेटवर्क आमच्याकडं पावसाबरोबर जातं. माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही पैसे मागितलेच नाहीत, वस्तू मागितल्या. आणि मागितल्या पोरांनी.

दरवर्षी साधारण बालदिनाच्या आसपास ग्रामपंचायतीत मक्कळ ग्रामसभा होते, पोरांची ग्रामसभा. बहुतेक ठिकाणी मास्तर पोरांना लिहून देतात, संडास पाहिजे, रस्ता पाहिजे, पोरं वाचून दाखवतात, बिस्किट पुडा घेऊन घरी. आम्ही त्या वर्षी पोरांना म्हटलं तुम्हाला खरंच काय पाहिजे ते बोला. सातवीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, पंचायतीच्या वाचनालयात (आता त्याला अरिवु केंद्र म्हणतात) संध्याकाळी ५ नंतर कुलूप असतं, आम्ही शाळेतून ५ ला सुटतो, मग ते कुणासाठी उघडं असतं? सभेत एकदम शांत. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे अधिकारी, स्वतः हसले. किल्ली आता ७ वाजेपर्यंत फिरते. त्याच खोलीत शुक्रवारी भजन आणि गाणी. नंतर दोन ढोलक्या आणि एक पेटी शाळेच्या साहित्यात आली, ती पंचायतीच्या रजिस्टरला आहे, आमची नाहीच, त्यामुळं हिशेब पण आमचा नाही.

म्हणून म्हणतो, १५ हजार मागण्यापेक्षा मागा की रविवारी शाळेची खोली, वीज आणि २० लेझमी.

पंच_नं_६:
हे बरं सांगितलंत. वस्तूला पाहुणा लागत नाही.

जमाखर्च:
खानापूरकरांच्या म्हणण्याला जोडून. शहरात राहत असाल तर आणखी एक दार आहे. आपल्याकडच्या पालिकांना निधीतले २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर गरीब घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला ठेवावे लागतात. हे हेड कायम असतात, आणि योग्य मागणी आली नाही तर वर्ष संपताना घाईघाईनं काहीतरी घेतलं जातं. तुमच्या वर्गात त्या घरची पोरं असतील तर त्यांच्यासाठी वाद्यं, साहित्य मागून बघा, नगरसेवकाला भेटा, पण तोंडी नको, अर्ज लिहून द्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर, म्हणजे आवक क्रमांक, घेतल्याशिवाय घरी येऊ नका. तो नंबर नसेल तर तुम्ही तिथं गेलाच नव्हता असं समजा.

आणि गाण्यात, नाचात खरंच पुढं जाईल असं १० ते १४ वयाचं पोर असेल तर सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती असते. ती पोराला थेट मिळते, त्यात संस्थेचा संबंध नाही. सुळेभावीकरांचा पुढचा कुमार गंधर्व तिथं पाठवा.

कुंदा_करदंट:
आता मूळ प्रश्नाचं उत्तर सापडलंय तर माझा एक प्रश्न. दिवाळी जवळ आली. किल्ल्याला चिकणमाती कुठं मिळते हल्ली? आमच्या कॉलनीत सगळं काँक्रीट. मागच्या वर्षी पोरांनी नर्सरीतून पोत्यानं लाल माती आणली, पन्हाळा तिसऱ्या दिवशी खचला.

हलगीवाला:
लाल माती घेऊलालाय होय किल्ल्याला? शेडूपण मिसळत नाही वाटतं. गवताचा भुगा घालायचा, एक रात्र भिजवायची, आत विटांचा सांगाडा, वर गोणपाट, मग माती. हळीव आदल्या आठवड्यातच पेरायचं नाहीतर पाडव्याला किल्ला टकला दिसतोय.

पंच_नं_६:
टकला किल्ला, आणि मावळे प्लास्टिकचे, त्यात एक हमखास बंदूक घेतलेला अमेरिकन शिपाई 😄

वडगावची_ताई:
मंडळी, परत आले. काल आमची मीटिंग झाली, धागा मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवला. तानाजीच्या मिशीला मास्तरच सगळ्यात जास्त हसले.

ठरलं ते असं. स्वतःची संस्था नोंदवायची नाही, निदान आत्ता तरी. शाळेच्या मुख्याध्यापिका तयार आहेत, एसडीएमसीच्या पुढच्या मीटिंगला ठराव घेतील. अर्ज करायचा, पण नाटकासाठी नाही. २० लेझमी, एक साधा स्पीकर आणि दोन माईक, एवढंच. ते शाळेच्या साठा रजिस्टरला लागेल आणि रविवारी आम्हाला मिळेल. एका पक्क्या बिलात संपतं, पाहुणा नाही, शाल नाही. मिळालं तर भाड्याचे १,८०० दरवर्षी वाचतील, नाही मिळालं तर अडणार काही नाही. नाटक वर्गणीतूनच, तिथं मास्तर हटूनच बसले, म्हणाले पहिल्या रांगेत गल्लीतल्या म्हाताऱ्याच बसल्या पाहिजेत.

दोन्ही_घरची, अर्जाचा फोटो पाठवलाय. 'उद्देश' च्या रकान्यात काय लिहायचं तेवढं सांगा, जागा दीडच ओळ आहे.

आणि हजेरीची वही आजपासून सुरू केली. पहिल्याच दिवशी कळलं की एका पोराला न्यायला गेले सहा महिने जे 'काका' येत होते ते काका नसून शेजारचे दूधवाले आहेत. माणूस चांगलाय, आईनंच सांगितलेलं, पण आम्हाला माहीतच नव्हतं.

जमाखर्च:
स्पीकरचं वॉरंटी कार्ड रजिस्टरमध्येच चिकटवा. आणि किल्ली कुणाकडं ते ठरावात लिहा.

दोन्ही_घरची:
मिळाला फोटो. दीड ओळीत बसवते. कोलाट लिहिणारच मी.

हलगीवाला:
लेझमी घेताना हलवून बघून घ्या ताई, हल्ली चकत्या पत्र्याच्या बसवतात, आवाज डब्यासारखा येतोय. मी येतो पाहिजे तर बरोबर.

कुंदा_करदंट:
सगळं झालं. मातीचं राहिलं.

खानापूर_कट्टा:
या खानापूरला. पोती तुमची आणा, माती आमच्या बांधावरची. इनवर्ड नंबर लागत नाही.